मदत हवी आहे: फोन टॅपिंगच्या आदेशांवर नजर कोणाची?

सर्वांना नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासमंडळात सरकारचे पाळतीचे अधिकार आणि नागरिकाचा खासगीपणा या विषयावर चर्चा ठरली असून प्रास्ताविक माझ्याकडे आले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, इथवर वाद नाही. माझी अडचण पुढे आहे. संभाषण ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची तपासणी करणाऱ्या समितीतही सचिवच असतात. न्यायाधीश कुठेच नाहीत. (आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासावी, तसे हे मला वाटते, अर्थात मंडळातील निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना ते मुळीच पटत नाही.) मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात असे आदेश रद्द केले होते, पण तिथे ध्वनिमुद्रणे आरोपपत्रासोबत आल्यामुळे दाद मागता आली. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपल्यावर पाळत होती हे कळण्याचा काही कायदेशीर मार्ग आहे का? माहितीच्या अधिकारात अर्ज करून कोणाला उत्तर मिळाले आहे का? वकील मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे; मराठीतील वाचनसाहित्य सुचवल्यास विशेष आभारी राहीन.