मदत हवी आहे: ब्लास्टमध्ये एकाच जिवाणूला चार नावं

मंडळी, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी सांगलीजवळच्या हळदीच्या रानातल्या मातीतून फॉस्फेट विरघळवणारा जिवाणू काढलाय. पिकोव्हस्काया अगारवर (न विरघळणारं फॉस्फेट घातलेलं माध्यम) कॉलनीभोवती स्वच्छ वलय येतं. ग्रॅम पॉझिटिव्ह, काडीसारखा, स्पोअर धरतो. म्हणजे बॅसिलस असावा, इथवर ठीक.

१६एस जनुकाचं (जिवाणू ओळखायला वापरतात ते) सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या क्रमाचं वाचन, बाहेरून करून आणलं. ८४० अक्षरांची फाइल आली, ती तशीच एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये (आपला क्रम डेटाबेसमधल्या क्रमांशी जुळवून बघायचं साधन) टाकली. तर बॅसिलस सबटिलिस, वेलेझेन्सिस, अमायलोलिक्वेफॅसिएन्स, सगळ्यांशी ९९ टक्क्यांवर जुळतंय! ई-व्हॅल्यू सगळीकडे शून्य, म्हणजे माझं काही चुकलं का? सर म्हणतात, सगळ्यात वरचं नाव लिही. सगळ्यात वर आहे 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम', म्हणजे प्रयोगशाळेत न वाढवलेला जिवाणू. अहो, मी त्याला रोज प्लेटवर वाढवतेय!

बायोइन्फॉर्मेटिक्सचा पेपर होता आम्हाला, पण तेव्हा फक्त व्याख्या पाठ केली. थीसिसमध्ये नाव काय लिहू?

प्रतिसाद १
ई-व्हॅल्यू शून्य आली तर घाबरू नका. एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतकं चांगलं जुळणारं निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल, याचा तो अंदाज. जवळपास कधीच नाही, एवढाच अर्थ. पण त्यावरून प्रजाती ठरत नाही.

प्रतिसाद २
ताई, ब्लास्टच्या आधी क्रोमॅटोग्राम (प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा सिक्वेन्सिंगचा आलेख) उघडून बघितला का? सँगर पद्धतीच्या सिक्वेन्सिंगमध्ये सुरुवातीची काही अक्षरं आणि शेपटाकडची बरीचशी भरवशाची नसतात. शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतील तिथे कापा. मग ब्लास्टमध्ये अनकल्चर्ड नमुने वगळायची आणि फक्त टाइप मटेरियलशी (प्रजातीचा अधिकृत संदर्भ नमुना) ताडून बघायची खूण करा, निम्मा कचरा तिथेच जाईल.

तरी दोन-तीन नावं उरतीलच. सबटिलिसच्या गोतावळ्यात १६एस जवळजवळ सारखाच असतो, तो त्यांना वेगळं करू शकत नाही. शिवाय पूर्ण जनुक साधारण १५०० अक्षरांचं, तुमच्याकडे त्याचा एक तुकडा. रिव्हर्स प्रायमरचं रीडही, म्हणजे दुसऱ्या टोकाकडून केलेलं वाचन, मागवा. प्रजाती हवीच असेल तर गायर-बी (gyrB) या दुसऱ्या जनुकाचं सिक्वेन्सिंग करा, जवळच्या प्रजातींत ते जास्त वेगळं असतं. नाहीतर सरळ 'बॅसिलस सबटिलिस गट' लिहा, त्यात कमीपणा नाही. वरचं नाव उचलून चिकटवलं तर व्हायव्हाला पहिला प्रश्न तोच येईल.

धागाकर्ती
उघडला क्रोमॅटोग्राम. पहिली ३५ अक्षरं म्हणजे नुसता गिचमिडकाला, शेवटची शंभरेक तशीच. कापून, खुणा करून परत टाकलं: अनकल्चर्ड गेलं, सबटिलिस आणि वेलेझेन्सिस अजून खांद्याला खांदा लावून उभे. 'गट' लिहिते. गायर-बीच्या खर्चाचं सरांपुढे कसं काढायचं, तेवढं सुचवा कुणीतरी.