व्हिडिओ लागतच नाही, आईची जखम डॉक्टरांना दाखवू कशी?

प्रश्न: आईला मधुमेह आहे, पायाला जखम झालीय. डॉक्टर व्हिडिओवर बघायला तयार आहेत, पण घरात रेंजची एकच कांडी. काल तीनदा कॉल लावला. फोन पायाजवळ नेला की चित्र गोठायचं. शेवटी आई म्हणाली, "राहू दे गं." तेच डोक्यातून जात नाहीये.

उत्तर १: ताई, मी परिचारिका आहे. व्हिडिओचा हट्ट सोडा. उजेडात दोन-तीन फोटो काढा, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवा, आकार कळतो. रेंज येईल तेव्हा फोटो जातील. साखरेचे आकडे एसएमएसने कळवा, बोलणं साध्या कॉलवर. जखम काळी पडली, वास आला किंवा ताप चढला तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

उत्तर २: आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार जगातले २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते, त्यात ग्रामीण भागातले जास्त. म्हणजे दवाखाना ज्यांना लांब, रेंजही त्यांनाच नाही. साध्या कॉलवरचा सल्लाही रीतसर तपासणी म्हणून धरलाच पाहिजे.

प्रश्नकर्ती: रात्री गच्चीवरून फोटो गेले. डॉक्टरांनी सकाळीच बोलावलंय. निघतोय.