मदत हवी आहे: दख्खनी लोकरीचा स्वेटर टोचतोय

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकडच्या एका धनगर मावशींकडून चरख्यावर कातलेली दख्खनी मेंढीची दीड किलो काळी लोकर आणली. रंग अगदी मेंढीच्या अंगचाच, ना डाय, ना ब्लीच. घोंगडीला मागणी कमी झाल्याने कातरलेली लोकर पडून राहते, म्हणून तिचे स्वेटर करून बघायचं मी मनावर घेतलंय.

पहिला स्वेटर बाबांसाठी ४ मि.मी.च्या सुयांवर विणला. ऊब जबरदस्त, पण मानेपाशी इतका टोचतो की त्यांनी तासाभरात काढून ठेवला. शिवाय सूत कुठे जाड, कुठे केसाएवढं बारीक. पीळ कमी तिथे दोनदा तुटलं. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून पाहिलं, वास गेला, टोचणं तसंच. गरम पाण्यात चोळलेला नमुना तर आटून नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा झाला.

ही लोकर मुळातच भरड, मेरिनो मेंढीच्या लोकरीसारखी मऊ होणार नाही, हे कळतंय. तरी विचारते: मऊ लोकर मिसळून कातावी का, आणि किती? दुपदरी पीळ दिला तर फरक पडेल? की फक्त गळ्याला सुती अस्तर लावू? अॅक्रिलिक मात्र मिसळायचं नाहीये. कुणी ही लोकर स्वतः विणली असेल तर कृपया सविस्तर सांगा, अजून किलोभर शिल्लक आहे.