अनुभव धागा: सोलापूरची शिदोरी, समुद्रावरचे महिने

मुलगा गेल्या महिन्यात पहिल्यांदा जहाजावर गेला. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. आपल्या गावापासून समुद्र इतका लांब, तरी इथली बरीच पोरं मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांना घरून काय बांधून दिलंत, काय टिकलं, काय नासलं, ते सगळं लिहा. पुढच्या खेपेला मला उपयोगी पडेल.

सैफुलवरून, जहाजावर अकरा वर्षं
ताई, उपाशी कुणी राहत नाही. मांस-मासे उणे १८ अंशांवर, भाज्या वेगळ्या थंड खोलीत. पण बंदर सोडून तीन आठवडे झाले की कोथिंबीर-पालेभाजी संपते, उरतात कोबी, बटाटे, कांदे. मग रोजचं जेवण एकाच चवीचं लागतं. त्या दिवसांत मी पावाला शेंगाचटणी लावून खायचो. आमच्या फिलिपिनो चीफ कूकने एकदा चव घेतली आणि दोन चमचे चिकनच्या रश्श्यात टाकले. त्यांच्याकडे करे-करे नावाचा दाण्याच्या रश्श्याचा पदार्थ असतो, त्याला घर आठवलं. त्या रात्री मेसरूममध्ये पातेलं रिकामं झालं. पुढच्या खेपेला मी त्याच्यासाठी वेगळा डबा नेला.

बाळीवेसवरून, एका खलाशाची आई
दाणे खमंग भाजून पूर्ण गार होऊ द्यायचे. लसूण तव्यावर कोरडा करायचा. मग मीठ, जिरं, लाल तिखट घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. एका वर्षी घाईत कोमट दाणे मिक्सरला लावले आणि चटणी वाफेसकट डब्यात भरली. पंधरा दिवसांत बुरशी. पोरगं फोनवर म्हणालं, "आई, वरचं काढून खाऊ का?" मी ओरडलेच. दाण्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते भाजून-तळूनही पुरतं जात नाही. डबा फेकायला लावला. आता पाव-पाव किलोची पाकिटं करते, एक फुटलं तरी बाकीची राहतात.

जुळे सोलापूर, निवृत्त शिक्षक
कडक भाकरी द्याच. ज्वारीची किंवा सज्ज्याची (बाजरीची), पापडासारखी पातळ, पाणी पार उडेपर्यंत भाजलेली. शिडाच्या जहाजांवरची बिस्किटंही अशीच खडखडीत वाळवलेली असत, ओल नसली की बुरशी धरत नाही. पण नुसत्या कोरड्या अन्नावर महिने काढले की स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर उठले. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सर्रास मिळायला १७९५ उजाडलं. म्हणून मुलाला सांगा, ताजं फळ असेल तेव्हा सोडू नकोस. एक गोष्ट मला फार आवडते: शेंगा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतली पिकं, आपल्याकडे आली ती जहाजांतूनच.

साखर पेठ
ऑस्ट्रेलियात साइन ऑन, म्हणजे तिथे जाऊन जहाजावर रुजू व्हायचं असेल, तर खाण्याच्या वस्तू तिथे उतरताना भरायच्या फॉर्मवर लिहायला सांगा. लपवलं तर दंड होतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्याचा फोन आला. "काय करूलालीस?" म्हणाला. दाणे निवत ठेवले होते, तेच सांगितलं. कूकसाठी पण एक पाकीट भरू का, असं विचारलं तर म्हणाला, "दोन भर."