एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला आणि शेवटचा तास

प्रश्न

नमस्कार. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत माझी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक विद्यालयात शिक्षण सेवक म्हणून निवड झाली असून माझ्याकडे नववी-दहावीचे विज्ञान आणि नववीच्या एका तुकडीचे वर्गशिक्षकपद आहे. शाळा अकराला भरते आणि पाचला सुटते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले डोंगरातल्या वाड्यांवरून एसटीने येतात. त्यांची सकाळची गाडी स्टँडवर साडेअकराच्या सुमारास लागते आणि परतीची गाडी साडेचारला सुटते. त्यानंतरची गाडी थेट मुक्कामाची. त्यामुळे परिपाठ आणि पहिला तास या मुलांना मिळतच नाही, आणि शेवटच्या तासाला ती दप्तर भरून उठतात. आमच्या वेळापत्रकात नववीचा पहिला तास विज्ञानाचा आणि शेवटचा गणिताचा आहे.

दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर घ्यावेत, अशी सूचना नुकतीच वर्गावर फिरली. ते तास गावातल्या मुलांनाच मिळतील आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना शिकवणी आधीच आहे. मी नवीन असल्याने वेळापत्रकाबद्दल बोलणे आगाऊपणाचे ठरेल का, आणि बोलायचे तर नेमके काय सुचवावे, हे अनुभवी शिक्षकांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

मॅडम, बोलणे मुळीच आगाऊपणाचे नाही. मात्र हातात कागद घेऊन बोला. वर्गशिक्षक म्हणून तुम्ही एका तक्त्यावर प्रत्येक मुलाची वाडी, त्याची गाडी, ती लागण्याची आणि सुटण्याची वेळ मांडा. इतर वर्गशिक्षकांनाही तसाच तक्ता करायला सांगा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर सगळ्या तुकड्यांचे तक्ते एकत्र आले की ही अडचण दोन-चार उनाड मुलांची नसून निम्म्या शाळेची आहे, हे न सांगता कळते.

दुसरे काम एसटीच्या आगाराचे. नवी गाडी मागू नका. नव्या गाडीसाठी चालक, वाहक आणि वाहन लागते, त्यामुळे तो अर्ज वर्षानुवर्षे पुढे जात नाही. चालू फेरी सकाळी अर्धा तास अलीकडे आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास पलीकडे सरकवण्याची मागणी मात्र आगार व्यवस्थापकांना त्यांच्या पातळीवर तपासता येते. अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीचा असावा, सोबत पासधारक विद्यार्थ्यांची गाववार यादी असावी आणि मार्गावरील ग्रामपंचायतींचे ठराव जोडावेत. ठराव आवश्यक अशासाठी, की त्याच गाडीने दवाखान्याला जाणारे, कचेरीत कामाला जाणारे आणि बाजारकरीही येतात. वेळ बदलल्यावर त्यांच्या तक्रारी आल्या तर फेरी पुन्हा जुन्या वेळेवर जाते. हा अर्ज मे महिन्यात द्यावा. जून उजाडला की सगळ्याच शाळांचे अर्ज एकदम येतात.

हे होईपर्यंत वेळापत्रकातच सोय करावी लागेल. पहिल्या तासाला कायम चित्रकला किंवा शारीरिक शिक्षण टाकण्याची सूचना कोणीतरी हमखास करील. तिला माझा विरोध आहे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. वाडीवरच्या मुलाच्या हातात कला असेल तर तो तास त्याच्याकडून का काढून घ्यावा? त्यापेक्षा पहिला आणि शेवटचा तास दर आठवड्याला वेगवेगळ्या विषयाकडे फिरता ठेवावा, म्हणजे एकाच विषयाचे कायमचे नुकसान होत नाही. विज्ञानाच्या प्रयोगाचे जोडतास मात्र मोठ्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडेच हवेत, कारण दहावीला 40 गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिकांबरोबर 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते आणि प्रयोग न केलेल्या मुलाला तोंडी परीक्षेत पहिल्या प्रश्नालाच अडखळताना मी पाहिले आहे.

उत्तर: गणित शिक्षक, बीड जिल्हा

सरांच्या फिरत्या तासाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गणितात एक पायरी चुकली की पुढचा आठवडा वाया जातो; त्यामुळे गणिताचा तास फिरतीत न ठेवता दुसरा किंवा तिसरा असा पक्का करून घ्यावा, आणि भाषांचे तास फिरते ठेवावेत.

जादा तासांसाठी आम्ही ऑफ तास वापरतो. कोणी शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की पर्यवेक्षक बदली तास लावतात आणि बहुतेक वेळा तेथे मुलांना केवळ शांत बसवले जाते. दहावीचा असा प्रत्येक तास गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी आळीपाळीने घ्यायचा, असे आमच्याकडे ठरले आहे. मोठ्या सुट्टीत तास घेऊ नये. सकाळी नऊला भाकरी खाऊन निघालेल्या मुलाचा डबा तेवढ्याच वेळात होतो.

आमच्याकडे आणखी एक पेच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काही मुले कारखान्याच्या तळावर जातात. जी हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, तीच शाळेत टिकतात. म्हणून अवघड घटक आम्ही प्रथम सत्रातच घेतो. तुमच्या भागात भातलावणीच्या दिवसांत उपस्थिती घटत असणार, तेव्हा जुलैत कोणता घटक शिकवायचा याचाही विचार पाठाचे टाचण काढतानाच करावा. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात आहे का, हेही पाहा. त्या तालुक्यांत मुलींसाठी असलेल्या निळ्या गाड्या शाळेच्या वेळेला धरून सोडता येतात.

उत्तर: माजी विद्यार्थिनी, आजरा तालुका

मी शिक्षिका नाही, परंतु त्याच साडेअकराच्या गाडीने शाळेत येणाऱ्यांपैकी होते, म्हणून लिहीत आहे. उशिरा आलेल्यांना दाराबाहेर उभे करण्याची पद्धत एका वर्षी आमच्या वर्गात होती. पहिला तास गाडीमुळे जायचा आणि दुसरा त्या शिक्षेमुळे. माझ्याबरोबरच्या दोघींनी त्याच वर्षी शाळा सोडली. मुलींचा पास मोफत असल्याने घरच्यांना खर्चाची अडचण नव्हती. रोज सर्वांसमोर उभे राहणे त्यांना सोसले नाही.

पुढच्या वर्षीच्या विज्ञानाच्या मॅडम फळ्याच्या उजव्या बाजूला खडूने उभी रेघ मारून पहिल्या तासाचा गोषवारा त्या पट्टीत लिहून ठेवत: आकृती, दोन सूत्रे आणि वहीत सोडवायचा एक प्रश्न. मोठ्या सुट्टीपर्यंत ती पट्टी कोणी पुसायची नाही, असे त्यांनी पुढच्या तासांच्या शिक्षकांनाही सांगितले होते. आम्ही डबा लवकर संपवून ते उतरवून घेत असू आणि काही अडले तर गावातली एक मैत्रीण समजावून सांगे. आरशाचे किरणाकृती नियम मी असेच शिकले.

एक विनंती आहे. साडेचारची गाडी असताना मुलींना पाच मिनिटे थांबा असे कोणीही म्हणू नये. ती गाडी चुकली तर मुक्कामाच्या गाडीने फाट्यावर उतरून अंधारात चालावे लागते, आणि आमच्याकडे त्या रस्त्यावर गवे उतरतात.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

तिघांचेही मनापासून आभार. तक्ता उद्यापासून सुरू करते आणि फळ्यावरची पट्टीही. गणिताचा तास पक्का करण्याबद्दल आमच्या गणिताच्या सरांशी बोलून मगच मुख्याध्यापकांकडे जाईन. एक शंका राहते. शनिवारी सकाळची शाळा साडेसातला भरते आणि त्या वेळी वाड्यांवरून गाडीच नाही, त्यामुळे ही मुले शनिवारी येतच नाहीत. हजेरीपत्रकात त्यांचे सगळे शनिवार गैरहजर दिसतात.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

आमच्या शाळेत पालक सभेत हा विषय घेऊन, शाळा समितीची मंजुरी मिळवून शनिवारची शाळाही नेहमीच्याच वेळी, फक्त कमी तासांची भरवली. गावातल्या काही पालकांचा आणि सहकाऱ्यांचा विरोध झाला, कारण शनिवारची दुपार मोकळी मिळण्याची सर्वांना सवय होती. तेव्हा वर्गवार शनिवारची उपस्थिती मोजून सभेत वाचून दाखवली. तुमच्या हजेरीपत्रकातले ते शनिवार आताच मोजून ठेवा आणि पालक सभेची तारीख ठरण्याआधी मुख्याध्यापकांना द्या.