मदत हवी आहे: सरावात मुलांना पाण्याखाली श्वास रोखायला लावतात, प्रशिक्षकांशी कसे बोलावे?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी तेरा वर्षांची असून गेली पाच वर्षे आमच्या शहरातील एका क्लबमध्ये स्पर्धात्मक जलतरण करते. बटरफ्लाय हा तिचा मुख्य प्रकार आहे, दोनदा ती राज्य स्पर्धेला जाऊन आली आहे आणि तिचे पोहणे थांबवण्याचा आमचा कोणताही विचार नाही, हे आधीच नमूद करते.

मे महिन्यापासून सरांनी आठवड्यातून तीन दिवस, सरावाच्या शेवटी, ‘हायपॉक्सिक सेट’ (म्हणजे श्वास रोखून, कमी ऑक्सिजनवर पोहण्याचा सराव) सुरू केला आहे. डोके अजिबात वर न काढता पाण्याखालून पंचवीस मीटर जायचे, वीस सेकंद थांबायचे आणि तसेच परत यायचे, अशा आठ फेऱ्या असतात. जो मध्येच वर येतो त्याची फेरी मोजली जात नाही. प्रत्येक फेरीआधी मुले दहा-बारा वेळा जोरजोरात श्वास घेतात आणि सोडतात. त्याने दम वाढतो असे मोठ्या गटातील मुलांनी त्यांना शिकवले आहे.

गेल्या गुरुवारी मी गॅलरीत बसले होते (पालकांना तलावाच्या काठावर परवानगी नाही). सातव्या फेरीत मुलगी भिंतीपाशी पोहोचली, पण तिने काठ धरला नाही. हात पाण्यावर नुसते पसरलेले होते. शेजारच्या लेनमधील मुलीने दंडाला धरून तिला वर ओढले, तेव्हा तिचे ओठ जांभळट झालेले मला वरूनही दिसले. थोड्या वेळाने ती नेहमीसारखी बोलू लागली आणि सरांनी तिला बाजूला बसवले. जीवरक्षक त्या वेळी उथळ तलावावर, शिकाऊ मुलांच्या बॅचकडे होता. घरी केस पुसता पुसता ती म्हणाली, ‘‘आई, मी भिंतीला हात लावला होता का गं? मला आठवतच नाही.’’ आणि लगेच पुढे, ‘‘सरांना काही बोलू नकोस, मला रिलेतून काढतील.’’

दुसऱ्याच दिवशी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. पाण्यात शुद्ध हरपली तर हृदयाच्या ठोक्यांमध्ये जन्मजात दोष नाही ना, हे पाहावेच लागते असे सांगून त्यांनी ईसीजी काढला. तो सुदैवाने व्यवस्थित आहे. मग त्यांनी जे समजावले ते ऐकून माझी झोप उडाली. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचे रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर फेकला जातो. त्यामुळे ‘आता वर ये’ ही सूचना मिळण्यापूर्वीच मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि मूल धडपड न करता, आवाज न करता बेशुद्ध होते. वरून पाहणाऱ्याला ते शांतपणे पोहत आहे असेच वाटते. फेऱ्यांमधील विश्रांती अपुरी असेल तर धोका आणखी वाढतो. उत्तम पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडते, किंबहुना जिद्दी मुले स्वतःला अधिक रेटतात. अमेरिकेत रेडक्रॉस, वायएमसीए आणि यूएसए स्विमिंग यांनी याच दोन गोष्टींविरुद्ध, म्हणजे आधी जोरजोरात श्वास घेणे आणि पाण्याखाली दीर्घकाळ श्वास रोखणे, संयुक्त इशारा दिलेला आहे.

सरांची बाजूही मला समजते. स्टार्ट आणि टर्ननंतरची पाण्याखालील डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून एकत्र मारणे) ज्याची चांगली त्याला शर्यतीत मोठा फायदा होतो, आणि त्यासाठी सराव हवाच. परंतु फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही प्रकारांत १५ मीटरच्या आत डोके पृष्ठभागावर येणे नियमानेच बंधनकारक आहे. मग थकलेल्या मुलांना पंचवीस मीटर, तेही आठ वेळा, वीस सेकंदांच्या विश्रांतीवर कशासाठी न्यायचे, हे मला कळत नाही.

ज्यांची मुले स्पर्धेसाठी पोहतात किंवा जे स्वतः प्रशिक्षण देतात, त्यांनी कृपया सांगावे की तुमच्याकडे हा सराव कसा घेतला जातो. दहा-बारा मीटरची किक, भरपूर विश्रांती, एका वेळी एकच मूल पाण्याखाली आणि काठावर फक्त त्याच्याकडे पाहणारी एक व्यक्ती, अशी पद्धत कुठे प्रत्यक्ष चालू आहे का? असल्यास सरांना मी ठोस उदाहरण देऊ शकेन. तलावावर कृत्रिम श्वासोच्छ्वास देता येणारी व्यक्ती सरावाच्या वेळी हजर असावी, असा आग्रह कोणी यशस्वीपणे धरला आहे का? बुडालेल्या व्यक्तीला प्रथम श्वास द्यावा लागतो आणि मोजकीच मिनिटे हाती असतात, म्हणून ‘बोलावले की येतील’ ही व्यवस्था मला पुरेशी वाटत नाही. आणखी एक, इतर पालकांना सोबत घेऊन जावे की एकटीनेच बोलावे? आम्ही चौघे-पाच जण गेलो तर सरांना ती तक्रार वाटेल आणि त्याचा राग मुलींवर निघेल, ही भीती आहे.

शनिवारी संध्याकाळची वेळ घेतली आहे. तोपर्यंत मुलगी बाकी सराव करेल, पण शेवटचा सेट करणार नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी मी काल क्लबमध्ये दिली आहे. त्याआधी कोणाला अनुभव लिहिता आला तर फार मदत होईल.