हातमागाची म्हणून घेतलेली पैठणी यंत्रमागाची असल्याचा दाट संशय आहे. परतीची मुदत संपल्यावर पैसे कसे मिळवावेत?

मुग्धा_डोंबिवली

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी गेल्या महिन्यात मी एका मोठ्या खरेदी-संकेतस्थळावरून पैठणी मागवली. विक्रेत्याने वर्णनात “शुद्ध रेशीम, येवल्याच्या हातमागावर विणलेली, भौगोलिक मानांकन असलेली अस्सल पैठणी” असे स्पष्ट लिहिले होते. किंमत १८,५०० रुपये होती आणि ती मी क्रेडिट कार्डाने भरली. साडी आली तेव्हा रंग आणि काठ पाहून घरातले सगळे खूश झाले. सोबत सिल्क मार्कचे लेबलही होते, त्यामुळे शंका घेण्याचे काही कारण दिसले नाही.

पुढे साडी पिको-फॉलला दिली, तेव्हा फॉल लावणाऱ्या काकूंनी पदर उलटा करून मला दाखवला. मोरांच्या मागच्या बाजूला रंगीत धागे सुटे होते. काही ठिकाणी ते एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत आडवे गेलेले, तर काही ठिकाणी मध्येच कापलेले होते. ही सेमी पैठणी आहे, हातमागावरची नाही, असे सांगून त्यांनी फॉल न लावताच साडी परत दिली.

विक्रेत्याला कळवल्यावर “सिल्क मार्क आहे, म्हणजे साडी अस्सलच आहे, आणि परतीची सात दिवसांची मुदतही संपली आहे” असे उत्तर आले. संकेतस्थळाने आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगून हात झटकले आणि तक्रार बंद केली. साडी खरोखरच हातमागाची नाही हे सिद्ध कसे करायचे आणि सिद्ध झाले तर पैसे कोणाकडून मागायचे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. पदराच्या मागच्या बाजूची छायाचित्रे जोडली आहेत.

येवलेकर

मुग्धाताई, आमच्या घरी दोन माग चालतात, म्हणून छायाचित्रे बारकाईने पाहिली. पदराच्या बाबतीत काकूंचे म्हणणे मला पटते. हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या मोराचा किंवा असावलीचा, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीचा, प्रत्येक रंग वेगळ्या लहान तिल्लीवर गुंडाळलेला असतो आणि विणकर तो धागा त्या रंगाच्या हद्दीपुरताच हाताने फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे धागा मागून दुसरीकडे पळत नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे उचलणारे साधन, लावलेल्या यंत्रमागावर जादा बाणा, म्हणजे नक्षीसाठीचा वेगळा आडवा धागा, संपूर्ण पन्ह्यातून जातो, नक्षी असेल तिथे वर येतो आणि नसेल तिथे मागे लोंबतो. ते लोंबणारे धागे नंतर कापतात. तुमच्या छायाचित्रांत नेमके तेच दिसते आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण विक्रेता तिचाच आधार घेईल. ब्रोकेड काठाच्या, म्हणजे मुनिया (पोपटांची नक्षी) वगैरे प्रकारांत, खऱ्या हातमागाच्या साडीलाही काठाच्या मागे सुटे धागे असू शकतात, कारण तो काठ हातमागावरही जॅकार्डनेच काढतात. तेव्हा तक्रारीत काठाचा मुद्दा घेऊ नका, फक्त पदराचा घ्या. साडीच्या दोन्ही कडाही भिंगाखाली तपासा. विणताना पन्हा ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकांची बारीक छिद्रे हातमागाच्या कापडाच्या कडेला ठरावीक अंतराने दिसतात. ती नाहीत एवढ्यावरून काही ठरत नाही, पण पदराच्या जोडीला हा मुद्दा उपयोगी पडतो.

सिल्क मार्कबद्दल विक्रेत्याने तुमची दिशाभूल केली आहे आणि याचा मला मनापासून राग येतो. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू करून दिलेले हे चिन्ह धागा नैसर्गिक रेशमाचा आहे एवढेच सांगते. कापड कोणत्या मागावर विणले, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमाच्या साडीलाही ते रीतसर मिळू शकते. हातमागासाठी हँडलूम मार्क हे २००६ पासूनचे वेगळे चिन्ह आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले २०१० साली, आणि त्याच्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्त्यांची, म्हणजे ते नाव लावून माल विकण्याचा हक्क असलेल्या उत्पादकांची, स्वतंत्र नोंद होते. म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा, की ही साडी कोणत्या अधिकृत वापरकर्त्याने विणली, त्याचा नोंदणी क्रमांक काय आणि त्याच्याकडून घेतल्याचे बिल कुठे आहे. माल खरा असेल तर ही माहिती देणे त्याला जड जाऊ नये.

एका मोरावर आमच्याकडे माणसाचे तासन्‌तास जातात. तेच नाव लावून यंत्रावरचा माल त्याच भावात विकला जातो, तेव्हा गिऱ्हाइकाइतकेच मागावर बसणाऱ्याचेही नुकसान होते. यंत्रमागाची साडी विकायला कोणाचीच हरकत नाही, तिचेही गिऱ्हाईक आहे. पण ती यंत्रमागाची म्हणूनच विकली गेली पाहिजे. माझे मत पुरावा म्हणून मात्र वापरू नका, कारण मी स्वतः साड्या विकतो आणि समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेईल. केंद्र सरकारच्या हातमाग खात्याचे विणकर सेवा केंद्र मुंबईत आहे. तिथे साडी दाखवून लेखी अभिप्राय देता येईल का, ते विचारा.

खातेवही

मी बरीच वर्षे एका बँकेच्या कार्ड विभागात अशा तक्रारी हाताळल्या आहेत. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असल्यामुळे तुमच्यापुढे चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून रक्कम परत वळती करून घेण्याचा, मार्ग खुला आहे, आणि या घडीला तोच सर्वांत जवळचा आहे.

बँकेच्या अर्जात कारण निवडताना फार काळजी घ्या. “हा व्यवहार मी केलेला नाही” या रकान्यावर कधीही खूण करू नका. व्यवहार तुम्हीच ओटीपी देऊन केलेला आहे, त्यामुळे तक्रार तिथेच फेटाळली जाईल आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचाही विश्वास जाईल. उरलेल्यांपैकी दोन कारणे तुमच्या कामाची आहेत: माल बनावट असणे आणि माल वर्णनाप्रमाणे नसणे. बनावट मालाच्या कारणासाठी कार्ड कंपन्या हक्कधारकाचा, सरकारी यंत्रणेचा किंवा तटस्थ तज्ज्ञाचा लेखी दाखला मागतात. परदेशी ब्रँडच्या बॅगेबाबत तो मिळवताना लोकांची दमछाक होते, कारण बहुतेक ब्रँड बाहेरून घेतलेली वस्तू तपासून देण्यास तयार नसतात. वर्णनाशी न जुळणाऱ्या मालासाठी दाखल्यापेक्षा एक वेगळी गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे तुम्ही माल परत करण्याचा खरा प्रयत्न केला आणि विक्रेत्याने तो नाकारला, याचा लेखी पुरावा. तुमच्या बाबतीत मी हेच कारण निवडले असते.

म्हणून आजच विक्रेत्याला ईमेल करा, की साडी न वापरलेल्या स्थितीत, लेबलासह, परत देण्यास मी तयार आहे आणि ती कधी व कुठून नेणार ते कळवावे. साडीला फॉल लागलेला नाही हे फार चांगले झाले. आता कोणी कितीही आग्रह केला तरी लावू नका, धुऊ नका, नेसू नका. विक्रीच्या पानाची, म्हणजे वर्णन, किंमत आणि विक्रेत्याचे नाव दिसेल अशी, छायाचित्रे लगेच घेऊन ठेवा, कारण तक्रार पोहोचली की वर्णनातले शब्द रातोरात बदलतात.

मुदतीचे म्हणाल, तर मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत अशा तक्रारीला साधारणपणे माल मिळाल्यापासून १२० दिवस असतात. पण बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवू शकतात, तेव्हा थांबू नका. बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली, तरी प्रकरण संपले असे समजू नका, कारण विक्रेत्याचे उत्तर आल्यावर ती परत वळती होऊ शकते. तोवर कार्डाचे बिल थकवू नका. बँकेने तक्रार फेटाळली आणि ते कारण तुम्हाला पटले नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. घरपोच रोखीने पैसे दिले असते, तर यातला कोणताही मार्ग उरला नसता.

निशिगंध

मी जिल्हा ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. कायद्याची बाजू तेवढी मांडतो.

परतीची सात दिवसांची मुदत ही प्रामुख्याने रंग आवडला नाही, माप बसले नाही, अशा कारणांसाठी दिलेली सवलत असते. खोट्या वर्णनाने माल विकणाऱ्याला ती ढाल म्हणून वापरता येऊ नये. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मधील नियम ६ प्रमाणे माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये त्यात नसतील, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळावरही जबाबदाऱ्या आहेत. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एक महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. शिवाय खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा मुख्य कार्यालयाचा व शाखांचा पत्ता देणे नियम ५ प्रमाणे त्यांना बंधनकारक आहे. ही मागणी आताच करून ठेवा. विक्रेत्याचा पत्ता नसल्यामुळे नोटीस बजावता येत नाही आणि चांगली प्रकरणे तिथेच अडकतात.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण अनेक कंपन्या या टप्प्यावर नमते घेतात. तिथेही काही झाले नाही, तर आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे ठाण्याला, तक्रार करता येते. विक्रेता कोणत्या राज्यात आहे याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज भरता येतो. साडीची तपासणी आवश्यक वाटल्यास कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अशा प्रकरणांचा निकाल पाच महिन्यांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

संकेतस्थळ आणि विक्रेता या दोघांनाही प्रतिपक्ष करा. “आम्ही केवळ मध्यस्थ आहोत” या बचावाला काही मर्यादा आहेत. ख्रिस्तियान लुबुटाँ या फ्रेंच पादत्राण कंपनीने दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली असे म्हटले, की विक्रीत सक्रिय सहभाग घेणाऱ्या संकेतस्थळाला मध्यस्थाचे संरक्षण आपोआप मिळत नाही. पुढे २०२० साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने दुसऱ्या एका प्रकरणात सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद मान्य केला नाही, त्यामुळे या एकाच मुद्द्यावर विसंबू नका. पण आयोगापुढे नियम ५ मधील कर्तव्ये पाळली नाहीत, हा मुद्दा स्वतंत्रपणे उभा राहतो.

तक्रारीत “साडी नकली आहे” एवढेच लिहू नका. नकली या शब्दावर वाद घालता येतो. छापील वर्णनावर घालता येत नाही. साधारण असे लिहा: “विक्रीच्या पानावर साडी हातमागावर विणलेली व भौगोलिक मानांकनप्राप्त असल्याचे नमूद होते. प्रत्यक्ष साडीच्या पदराच्या उलट बाजूस जादा बाण्याचे सुटे व कापलेले धागे आहेत. साडी हातमागावर विणल्याचा व अधिकृत वापरकर्त्याने तयार केल्याचा पुरावा मागूनही विक्रेत्याने दिलेला नाही. सिल्क मार्क केवळ धाग्याविषयी असून त्यावरून हे दोन्ही दावे सिद्ध होत नाहीत.”

कोकणस्थ_कुडाळ

एवढी पत्रापत्री कशासाठी? भौगोलिक मानांकनाच्या कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. सरळ पोलिसांत तक्रार द्यावी, विक्रेता दुसऱ्या दिवशी पैसे परत करील, असे मला वाटते.

निशिगंध

शिक्षा आहे हे खरे. १९९९ च्या त्या कायद्याखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. परंतु झडती व जप्तीसाठी किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो आणि त्याला आधी भौगोलिक मानांकनांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाचे मत घ्यावे लागते. ती वाट विणकरांच्या संघटनेने धरावी, तिचा उपयोगही होईल. मुग्धाताईंना त्यांचे १८,५०० रुपये हवे आहेत आणि फौजदारी खटल्यातून ते लवकर हाती येत नाहीत. पुढे तोच विक्रेता पत्ताच खोटा देऊन गायब झाल्याचे आढळले, तर प्रकरण फसवणुकीचे होईल आणि तेव्हा १९३० या सायबर हेल्पलाइनवर जरूर कळवावे.

मुग्धा_डोंबिवली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साडी परत देण्याची तयारी कळवणारा ईमेल पाठवला, विक्रेत्याचा पत्ता संकेतस्थळाकडे मागितला आणि बँकेतही अर्ज दिला. आज विक्रेत्याचा फोन आला. साडी माझ्याकडेच ठेवावी, ते ६,००० रुपये परत करतील आणि त्या बदल्यात मी सर्व तक्रारी मागे घेऊन तसे लिहून द्यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. येवलेकरांनी सांगितलेल्या बिलाबद्दल विचारताच त्यांनी विषय बदलला. लग्न जवळ आले आहे, त्यामुळे घरचे म्हणतात की मिळतील ते घ्यावेत.

खातेवही

तोंडाला पाने पुसण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे. फोनवर काहीही मान्य करू नका. हाच प्रस्ताव ईमेलवर पाठवा म्हणून सांगा. पाठवला, तर तो बँकेच्या प्रकरणाला जोडा. बँकेतली तक्रार तुम्ही स्वतः मागे घेतलीत, तर त्याच व्यवहाराची ती बहुधा पुन्हा उघडता येणार नाही, हे घरच्यांना अवश्य सांगा.

येवलेकर

साडी ठेवून घ्यायची असेल, तर ती खरोखर काय किमतीची आहे ते आधी पाहा. तिच्या मोजमापाची यंत्रमागाची रेशमी साडी दुकानात विचारा आणि तो भाव लिहून घ्या. वजावट त्या फरकाएवढी झाली पाहिजे, विक्रेत्याच्या मनाला येईल तेवढी नव्हे. लग्नासाठी दुसरी साडी लागणारच असेल, तर पदर उलटा करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. हातमागावरचा माल ठेवणारा दुकानदार तो स्वतःच उलटा करून दाखवतो.

निशिगंध

समझोता करण्यात गैर काही नाही, मात्र “पूर्ण व अंतिम” असे शब्द असलेल्या कागदावर पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी सही करू नका, कारण नंतर आयोगापुढे तोच कागद तुमच्या विरुद्ध मांडला जाईल. बँकेतून रक्कम परत मिळाली, तर आयोगाकडे ती पुन्हा मागता येणार नाही. त्यानंतर केवळ त्रासाबद्दलची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येईल, आणि मिळालेली रक्कम अर्जात नमूद करावी लागेल. माझ्या मते तुम्ही ६,००० नाकारावेत, साडी परत घेऊन संपूर्ण रक्कम द्यावी असे पंधरा दिवसांची मुदत देऊन ईमेलने कळवावे आणि त्याची एक प्रत संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी.